गिरणीत विजेचा दिवा आला आणि दिवस लांबला (चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

चिंचपोकळी

मुंबईच्या कापड गिरण्यांचा विषय निघाला की बोलणं 1982 च्या संपापासून सुरू होतं आणि गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलपाशी येऊन थांबतं. मला आज बरंच मागे जायचं आहे, 1905 च्या आसपास. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे बसायला लागले. गिरणगावाबद्दल लिहिताना हे दिवे एका ओळीत उरकले जातात याचं मला फार वाईट वाटतं, कारण कामगाराच्या आयुष्यावर त्यांचा परिणाम एखाद्या मोठ्या संपाइतका खोल झाला.

आधीची स्थिती बघा. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवच्या त्यांच्या गिरणीतून सूत निघायला लागलं. तिथून पुढची जवळजवळ 50 वर्षं गिरणीचा दिवस उजेडावर चालला. तांबडं फुटलं की भोंगा, अंधारून आलं की खाती बंद. थंडीत साधारण 11 तास, उन्हाळ्यात 13-14 तास. तेलाच्या नाहीतर गॅसच्या दिव्यांवर रात्री काम चालवणं धोक्याचंही होतं आणि महागही. कापसाच्या भुग्याला ठिणगी पुरते.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर 1884 मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे 5,500 सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या अशा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत, अपघातात जायबंदी झालेल्याला भरपाई आणि कामाची वेळ सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत. यातली शेवटची मागणी मी पुन्हा पुन्हा वाचते. लोखंड्यांसारख्या सत्यशोधक, लढाऊ माणसालाही तेव्हा तासांचा आकडा मागावासा वाटला नाही, कारण सूर्य मावळला की काम थांबणार हे गृहीतच होतं. एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 10 हजार कामगार जमले, दोन कामगार बाया व्यासपीठावरून बोलल्या, आणि 10 जून 1890 ला मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. आपण आज जो रविवार उपभोगतो तो असा मिळालेला आहे.

आणि मग दिवे आले. नेमक्या त्याच वेळी, 1905 मध्ये, स्वदेशीच्या चळवळीने देशी कापडाला जोरदार मागणी आणली. काही गिरण्या पहाटे पाचला सुरू होऊन रात्री आठपर्यंत चालायला लागल्या. कामगारांनी कामं सोडली, गिरण्यांवर दगडफेक झाली. सरकारने 1907 मध्ये कमिशन नेमून चौकशी केली, आणि 1911 च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांसाठी पहिल्यांदाच मर्यादा आली: 12 तास. पुढे 1922 ला 11, 1934 ला 10, आणि 1946 च्या दुरुस्तीने दिवसाला 9 व आठवड्याला 48. दिव्याने दोन-चार वर्षांत जे वाढवलं ते खाली आणायला 40 वर्षं लागली.

माझ्या आजोबांनी परळच्या एका गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले, त्यामुळे हे माझ्यासाठी घरातलं आहे. पण मला कुठल्याही गावातलं ऐकायचं आहे: यंत्र आलं, त्याने वेळ वाचवला किंवा वाढवला, आणि तो वेळ शेवटी कोणाच्या पदरात पडला?

यंत्रवेडा

उत्तम विषय. मी यंत्रअभियंता आहे, म्हणून दिव्याची बाजू घेतो.

दिवा कोणाला कामाला लावत नाही, मालक लावतो. आणि मालक का लावत होता याचं एक कारण हिशेबाच्या वह्यांत आहे. मुंबईच्या गिरण्या मॅनेजिंग एजंट चालवत. भागधारकांचे पैसे, कारभार एजंटाचा. सुरुवातीच्या काळात या एजंटांचं कमिशन बहुतेक ठिकाणी नफ्यावर नसून उत्पादनावर असे, दर पौंड सुतामागे पाव आणा. गिरणी तोट्यात गेली तरी एजंटाला कमिशन मिळणार, फक्त सूत कातणाऱ्या चात्या फिरत राहायला हव्यात. अशा माणसाच्या हातात विजेचा दिवा आला तर तो काय करील? जमशेटजी टाटांनी स्वदेशी मिलसाठी हे कमिशन नफ्याशी जोडलं तेव्हा बाजारात त्याचं अप्रूप वाटलं होतं.

दुसरं, यंत्रं इंग्लंडमधल्या ओल्डहॅमहून यायची, प्लॅट ब्रदर्सची. किंमत पौंडांत, वर बोटीचं भाडं, विमा. इतकं भांडवल अडकवलेलं यंत्र रात्रभर गप्प उभं राहिलं की मालकाला ते नुकसान वाटतं. इंग्लंडच्या कापडपट्ट्यात, लँकेशायरमध्येही हेच झालं होतं. तेव्हा प्रश्न करारांचा आणि भांडवलाच्या रचनेचा आहे, तंत्रज्ञान बिचारं मधल्यामध्ये बदनाम होतं.

आता विजेने काय चांगलं केलं तेही सांगतो. जुन्या गिरणीत एक अवाढव्य वाफेचं इंजिन असे. त्याच्या चाकावरून दोरखंड प्रत्येक मजल्यावर जात, तिथे छताखाली लांबच लांब दांडे फिरत, आणि त्या दांड्यांवरून चामड्याचे पट्टे खाली एकेका यंत्राला. पट्टा तुटला की माणसाचा हात किंवा डोकं शाबूत राहील याची खात्री नव्हती. धावत्या दांड्यावर पट्टा चढवताना झालेले अपघात हा त्या काळचा नित्याचा प्रकार. शिवाय इंजिनाची गती थोडी कमी-जास्त झाली की सगळ्या मजल्यांवर धागे तुटायचे. विजेच्या मोटारी आल्या तेव्हा आधी त्यांनी इंजिनाची जागा घेतली, पट्टे तसेच राहिले; मग हळूहळू प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार मिळाली आणि छताखालचं ते जंगल गेलं. गती एकसारखी झाली, धागा कमी तुटायला लागला, माणसं कमी मेली. हेही हिशेबात धरा.

चिंचपोकळी

एजंटांच्या कमिशनचा मुद्दा फार मोलाचा आहे. पट्ट्यांबद्दलही पूर्ण सहमत. फक्त एक म्हणेन: धागा कमी तुटायला लागला तेव्हा साचेवाल्याला श्वास घ्यायला मिळायला हवा होता. त्याऐवजी मालकांनी म्हटलं, आता तुला वेळ आहे, दोनऐवजी तीन साचे सांभाळ. 1928 चा सहा महिन्यांचा संप बऱ्याच अंशी यावर झाला. ससून समूहाच्या गिरण्यांत तीन साच्यांची पद्धत आली, त्यात आपली नोकरी जाणार हे कामगारांना स्पष्ट दिसत होतं, आणि एप्रिल ते ऑक्टोबर जवळजवळ दीड लाख माणसं बाहेर राहिली. गिरणी कामगार युनियन, लाल बावटा, त्यातूनच मोठी झाली.

निळा कंदील

1928 निघालंच आहे तर त्या संपातली दुसरी बाजू मला सांगावीच लागेल. ती सहसा कोणी सांगत नाही.

मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा धोटा बघितलाय का कोणी जवळून? लाकडी, दोन्ही टोकांना निमुळता, टोकांवर लोखंडी टोप्या. आत कांडी बसते, कांडीवर बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत. बाजूला एक बारीक भोक. कांडी संपली की विणकर साचा थांबवतो, नवी कांडी घालतो, आणि सूत त्या भोकातून बाहेर काढायला भोकाला तोंड लावून जोरात श्वास आत ओढतो. सूत ओठाशी येतं. मग ते बोटाने धरायचं, धोटा पेटीत ठेवायचा, साचा सुरू. एका पाळीत हे असंख्य वेळा. प्रत्येक वेळी तोंडात कापसाची धूळ. आणि तोच धोटा पुढच्या पाळीचा माणूस तोंडाला लावणार.

याच कारणावरून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणाई खात्यात घेत नसत. सवर्ण विणकर म्हणायचे, त्यांच्या थुंकीचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. विणाई खातं म्हणजे गिरणीतलं चांगल्या कमाईचं खातं. आमच्या माणसांना मुख्यतः सूतकताईच्या रिंग खात्यात किंवा साफसफाईत जागा, जिथे मजुरी कमी. एक लाकडी वस्तू आणि तिच्यातलं एक भोक, त्यावर जातीची भिंत उभी राहिली आणि त्या भिंतीचे दर महिन्याला रुपये-आणे झाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या संपात हा प्रश्न थेट पुढाऱ्यांसमोर ठेवला. संप विणकरांच्या मागण्यांवर चालला आहे, त्याची झळ आमच्या माणसांनाही बसते, आणि त्याच विणाई खात्याचं दार आम्हाला बंद आहे. ते उघडण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? संप समितीने ती घेतली, पण खळखळ करतच. कामगारांची एकजूट हा शब्द वापरताना हा प्रसंग माझ्या मनातून जात नाही.

आणि यंत्रवेडा, तुमच्यासाठी: तोंड न लावता सूत ओवता येणारे धोटे आणि कांडी आपोआप बदलणारे माग तेव्हा जगात उपलब्ध होते. अमेरिकेत नॉर्थ्रॉपचा माग 1890 च्या दशकात बाजारात आला. लँकेशायरमध्येही तोंडाने सूत ओढण्याची ही पद्धत आरोग्याला घातक म्हणून तक्रारी झाल्या, तरी ती कायद्याने बंद व्हायला 1952 उजाडलं. म्हणजे तंत्रज्ञान होतं. ते आणायचा खर्च कोणी करायचा एवढाच प्रश्न होता, आणि त्या खर्चापेक्षा माणसांची फुप्फुसं स्वस्त पडत होती.

यंत्रवेडा

निळा कंदील, हा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहू शकलो नाही. आम्हाला मागाची रचना शिकवताना धोट्याचं वजन, वेग, पेटीत आदळण्याचा जोर सगळं शिकवतात. हे कोणीच शिकवलं नाही. शिकवायला हवं.

पौड खोरे

दिव्याला वीज लागते, आणि वीज आमच्या खोऱ्यातून गेली.

टाटांची जलविद्युत कंपनी 1910 मध्ये निघाली, लोणावळ्याला फेब्रुवारी 1911 मध्ये कोनशिला बसली आणि फेब्रुवारी 1915 मध्ये खोपोलीचं केंद्र सुरू झालं. कल्पना साधी आणि खरंच थोर होती. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचं पाणी वळवण, शिरोटा, लोणावळा इथे अडवायचं, नळांतून घाटाखाली सुमारे 500 मीटर सोडायचं, खाली चक्रं फिरवायची आणि वीज तारांवरून थेट परळला. गिरण्यांना बंगालहून येणाऱ्या कोळशावर अवलंबून राहायची गरज उरली नाही. मुंबईच्या गिरण्यांची गिऱ्हाइकी आधीच पक्की होती म्हणून भांडवल उभं राहिलं. मग 1922 ला भिवपुरी, आणि 1927 ला भिरा. भिऱ्याचं पाणी मुळशीचं.

नीला आणि मुळा यांच्या संगमावर धरण बांधायचं ठरलं तेव्हा सुमारे 52 गावं आणि 11 हजार माणसं पाण्याखाली जाणाऱ्या टापूत होती. आंबेमोहराचं खोरं. जमिनी घेतल्या त्या 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली, म्हणजे सरकारने खासगी कंपनीसाठी घेतल्या. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, हजारावर मावळे कामाच्या जागेवर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने होते. घोषणा होती, 'जान किंवा जमीन'. 1924 पर्यंत लढा चालला आणि हरला.

हरण्याची कारणं शोधताना एक गोष्ट टोचते. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या किंवा गहाण होत्या. कसणारा मावळा म्हणत होता जमीन सोडणार नाही. कागदोपत्री मालक म्हणत होता, भरपाई किती? पुण्यातल्या पुढाऱ्यांत त्यामुळे फूट पडली. शिवाय समोरचा युक्तिवाद राष्ट्रीय होता: स्वदेशी कंपनी, स्वदेशी वीज, हजारो गिरणी कामगारांना रोजगार. त्याच्यापुढे आमच्या भाताच्या खाचरांचा आवाज कोण ऐकणार?

आणि यातली सगळ्यात कठीण गोष्ट ही की ज्यांच्या रोजगाराचं नाव घेतलं जात होतं, ते आणि आम्ही वेगळे नव्हतो. मावळातून माणसं हमालीला, गिरणीत, डबे वाहायला मुंबईला जातच होती. मुंबईचे डबेवाले आजही मुख्यतः मावळ, खेड, जुन्नर पट्ट्यातले आहेत. ज्या घरातला एक मुलगा परळला साच्यावर उभा, त्याच घराची जमीन त्याच्या साच्याच्या विजेसाठी गेली, हे अशक्य मुळीच नव्हतं.

भिऱ्याला वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. ते मुळात भीमेचं पाणी, पूर्वेला पुणे-सोलापूरकडे जाणारं. तिकडच्या तालुक्यांत उन्हाळ्यात टँकर फिरतात. ते पाणी परत पूर्वेला वळवा ही मागणी आजही दर दुष्काळात होते. 100 वर्षं झाली, हिशेब अजून मिटलेला नाही.

सोलापुरी चादर

पौड खोरे, तुमचं शेवटचं वाक्य आमच्याकडून अनुमोदित. भीमेचं पाणी हा आमच्या घरातला विषय आहे. सोलापूरलाही 1870 च्या दशकात पहिली गिरणी आली, आम्ही तिला जुनी मिल म्हणतो. भोंग्यावर अख्खं गाव उठायचं. गिरणीत नसलेली माणसंसुद्धा.

दर्यावर्दी

आमच्या रत्नागिरी जिल्ह्याने गिरण्यांना माणसं पुरवली. खाडीच्या बंदरातून बोट, भाऊचा धक्का, तिथून गाववाल्यांच्या खोलीवर. जमीन खडकाळ, खोती पद्धतीत हातात काही उरायचं नाही, तेव्हा घरातला एक तरी पुरुष मुंबईला. गावात बाई, म्हातारी माणसं आणि पोस्टमन. मनीऑर्डर 1880 मध्ये सुरू झाली आणि कोकणाने ती जितकी वापरली तितकी क्वचितच कोणी वापरली असेल. वाफेची बोट, टपाल खातं आणि गिरणी, या तिघांनी मिळून आमच्याकडचा संसार दोन ठिकाणी वाटला.

पाळ्यांबद्दल सांगतो. दिव्यामुळे आधी दिवस लांबला हे बरोबर, पण पुढे तासांवर मर्यादा आल्यावर त्याच दिव्याने रात्रपाळी आणली. 1930 च्या दशकात ती वाढली आणि दुसऱ्या महायुद्धात सगळीकडे झाली. त्याचा परिणाम खोल्यांवर बघा. गावकीच्या गाळ्यात 20-25 जण राहायचे. भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे. दिवसपाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीचा त्याच्याच वळकटीवर अंग टाकायचा. एका खोलीत दुप्पट माणसं राहू शकली ती पाळ्यांमुळे. माझे मोठे काका सांगायचे, त्यांच्याच खोलीतल्या एका गाववाल्याशी त्यांची धड गाठ फक्त रविवारी पडायची. लोखंड्यांचा रविवार म्हणायचा तो हा.

बाकीचे दिवस जेवण खानावळवालीकडे. तिची वेळही तीन पाळ्यांत वाटलेली. या बायांचा हिशेब गिरणीच्या कुठल्याच वहीत नाही, पण त्यांच्या भाकरीवर गिरणी चालली. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या खानावळवाल्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे कोणी त्यांना धंदा करणाऱ्या म्हणून मोजलं.

चिंचपोकळी

बायांचा मुद्दा आणलात, बरं झालं. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचातली एक कामगार स्त्री होती, मुख्यतः सूत गुंडाळायच्या वाइंडिंग आणि रीळिंग खात्यांत. नंतर त्या कमी कमी होत गेल्या. रात्री बायांना कामाला लावायला बंदी, 1929 चा बाळंतपणाच्या भरपाईचा कायदा, हे दोन्ही कायदे चांगल्या हेतूने आले. पण मालकाने हिशेब केला की बाई आता महाग पडते आणि रात्री उपयोगाची नाही. त्यातच वाइंडिंगची वेगवान यंत्रं आली. ज्या खात्यात बाया होत्या तिथेच यंत्राने माणसं कमी केली, आणि उरलेल्या जागा पुरुषांना गेल्या. माझी पणजी रीळिंगला होती. आजी गिरणीत कधीच गेली नाही, घरी बसून बोनस नसलेली कामं करत राहिली.

वऱ्हाडी पाहुणी

नागपूरची एम्प्रेस मिल विसरू नका. 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली. मुंबईच्या सगळ्या भांडवलदारांनी जमशेटजींना वेड्यात काढलं होतं, पण कापूस इथे, वरोऱ्याचा कोळसा इथे, गिऱ्हाईक इथे. जेम्स ब्रुक्सबी नावाच्या इंग्रज तंत्रज्ञाच्या मदतीने त्यांनी 1880 च्या दशकात रिंग चात्या वापरून पाहिल्या, लँकेशायर तेव्हा त्याकडे संशयाने बघत होतं. हजेरी टिकावी म्हणून बक्षिसं, पुढे भविष्यनिर्वाह निधी, हेही तिथे इतरांच्या आधी आलं. जिथे माणसं टिकवणं मालकाच्या गरजेचं असतं तिथे माणसांची किंमत वाढते, इतकं साधं आहे ते. मुंबईत दाराशी रोज बदली कामगारांची रांग उभी. तिथे ती गरजच नव्हती.

वस्त्रनगरी

इचलकरंजीहून लिहितो. मूळ प्रश्नाचं आजचं उत्तर आमच्या गावात आहे.

1904 साली विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग आणला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचा पाठिंबा होता. गावोगावच्या हातमागवाल्याला गिरणीने मारलं, पण इथे छोट्या माणसाने विजेवर चालणारा माग घरात बसवून गिरणीला टक्कर दिली. ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवी. धोटा, कांडी, साचा, सगळं गिरणीचंच, फक्त चार किंवा आठ मागांची शेड. पुढे मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेले माग भिवंडीला, मालेगावला, आमच्याकडे येऊन आणखी कितीतरी वर्षं चालले.

सरकारी धोरणही मदतीला होतं. 1950 च्या दशकापासून गिरण्यांच्या मागांची संख्या वाढवायला परवानगी जवळपास बंद होती, हेतू हातमाग वाचवण्याचा. फायदा झाला यंत्रमागाला. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा मालक वर्षभर थांबू शकले याचं एक कारण हेच होतं: बाजारात कापड कमी पडलं नाही. यंत्रमागावर विणून घेता येत होतं.

आता तासांचं. गिरणीत 8 तासांची पाळी, हजेरी, प्रॉव्हिडंट फंड. आमच्याकडे पाळी 12 तासांची. सकाळी सातला एक, संध्याकाळी सातला दुसरी. वीज वापरणाऱ्या जागेत 10 माणसं असली की कारखाना कायदा लागायचा, म्हणून एकाच छपराखाली मधे भिंत घालून दोन-तीन नावांनी परवाने. मजुरी पिकावर. बाण्याचा एक धागा गेला की एक पीक, इंचात किती पिकं त्यावर मीटरचा दर. लाइट गेली की माग उभा, माग उभा की मजुरी शून्य, पण माणूस शेडमध्येच बसून. भारनियमनाच्या दिवसांत 12 तास शेडमध्ये काढून सहा-सात तासांचीच मजुरी घेऊन जाणारी माणसं मी रोज बघितली आहेत, आमच्या स्वतःच्या शेडमध्येसुद्धा. मालक म्हणजे तरी कोण? आमच्यासारखे खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आम्ही फक्त विणून देणार, मीटरमागे ठरलेले पैसे. वीजबिल वाढलं की तेही आमच्या अंगावर. गिरणीच्या एजंटाला पाव आणा उत्पादनावर मिळत होता म्हणालात ना यंत्रवेडा, ती रचना खाली सरकत सरकत इथपर्यंत आली आहे, फक्त जोखीम आता खालच्याच्या डोक्यावर आहे.

यंत्रवेडा

वस्त्रनगरी, आता तिकडे बिनधोट्याचे माग बरेच आलेत ना? रेपिअर, एअरजेट? आणि सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा 9 वरून 12 तास करायला मंजुरी दिली, आठवड्याची 48 ची मर्यादा ठेवून. चार दिवस 12 तास आणि तीन दिवस सुट्टी असं खरोखर झालं तर अनेकांना ते आवडेलही. मला स्वतःला चालेल.

निळा कंदील

तुम्हाला चालेल, कारण तुमचे तास तुमच्या कंपनीच्या संगणकात नोंदवले जातात आणि 48 च्या पुढचा तास तुम्ही मोजून मागू शकता. बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते, चिंचपोकळींनी वर लिहिलेली 48 तासांची मर्यादा त्याच काळातली आहे. ती दिवसाच्या मर्यादेसकट आली, त्याला कारण आहे. आठवड्याचा हिशेब कागदावर जुळवता येतो. दिवसाचा माणसाच्या पाठीला कळतो.

चिंचपोकळी

आणि 12 हा आकडा 1911 चा आहे, हे मंत्रालयातल्या फायलीत कोणीतरी लिहायला हवं होतं.

वस्त्रनगरी

यंत्रवेडा, हो, आलेत. रेपिअर आणि एअरजेटच्या शेड शहराबाहेर उभ्या राहिल्यात. धोटाच नाही, त्यामुळे तो कानठळ्या बसवणारा खटखटाट बराच कमी. एअरजेटला बाण्याचं सूत हवेच्या झोताने जातं, मिनिटाला शेकडो पिकं. आमच्याच गावात 1982 पासून वस्त्रोद्योगाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथली पोरं ही यंत्रं चालवतात आणि दुरुस्तही करतात, याचा मला मनापासून आनंद होतो. साध्या मागावर एक माणूस चार ते आठ माग बघायचा, इथे त्याहून किती तरी जास्त. कापड चांगलं, दर चांगला, वातानुकूलित शेड. पाळी मात्र बऱ्याच ठिकाणी तीच, सात ते सात.

निळा कंदील म्हणतात तो नोंदीचा मुद्दा आमच्याकडे कळीचा आहे. साध्या मागावरच्या कामगाराचं नाव बहुतेक शेडमध्ये कुठल्याच रजिस्टरवर नसतं. पगाराची चिठ्ठी म्हणजे मालकाच्या वहीतलं एक पान, त्यावर मीटर लिहिलेले असतात, तास नसतात. कांडी भरणाऱ्या बायांचं तर तेही नसतं. म्हणून आमच्याकडच्या कामगारांची पहिली मागणी तासांची नाही. ते म्हणतात, आधी हजेरीपत्रक लावा आणि त्यावर आमचं नाव, येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ लिहा. 8 तास की 12, ते त्यानंतर भांडू.